एक नोंदवही, दोन हात

वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे इमारतीत ऐंशी. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने इथे अशा १२१ इमारती उभ्या केल्या. पिढ्यान्‌पिढ्या इथला ताबा सिद्ध होत आला तो कागदावर: भाडेपावती, रेशनकार्ड, मतदारयादी, वारसाची नोंद. पुनर्विकासाने या कागदांचं वजन आणखी वाढवलं. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. १६० च्या जागी ५०० चौरस फुटांचं घर. ज्यांची पाळी यायची आहे त्यांना काळजी एकच, आपल्या खोलीपुढची ओळ बरोबर आहे ना?

ती ओळ आता कागदाइतकीच संगणकातही असते. नेटवर्कवरून उघडलेली सामायिक फाइल, प्रत्येक संगणकाने वेग मिळावा म्हणून आपल्या मेमरीत ठेवलेली तिची प्रत, आणि त्या प्रतीमुळे मूळ फाइलच बिघडणं हा या लेखाचा विषय. संवादातली दोन माणसं मी त्यासाठी घडवली आहेत. मामा महसूल खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. चाळ समितीचं दप्तर त्यांच्याकडे. भाची लोअर परळला एका कंपनीत स्टोरेजचं काम बघते. समितीच्या खोलीत लिनक्सवर चालणारे दोन जुने संगणक, सचिवांचा विंडोज लॅपटॉप आणि तिघांत मिळून एक डिस्कचा डबा. कागदपत्रं गोळा करायच्या शिबिरात दोन जण एकाच वेळी नोंदी करत होते. दुसऱ्या दिवशी बघतात तर ३७ नंबरच्या खोलीपुढे आदल्या संध्याकाळी लावलेलं विधवेचं नाव नाही. तिथे पुन्हा तिच्या दिवंगत नवऱ्याचं नाव.

मामा : मी जातीने बघितलंय. पोराने तिचं नाव टाकलं, सेव्ह केलं, मी परत उघडून खात्री केली. नाव होतं. सकाळी नाही. कोणीतरी मुद्दाम केलेलं काम आहे हे.

भाची : मुद्दाम कोणी केलेलं नाही, मामा. शेजारच्या संगणकावरच्या मुलीने ४४ नंबरच्या खोलीचा फोन नंबर बदलला. बाकी कशाला हात लावला नाही तिने.

मामा : ४४ चा फोन बदलल्यावर ३७ चं नाव कसं जाईल?

भाची : तुमची फाइल मी उघडून बघितली. प्रत्येक खोलीची ओळ २५६ बाइटची, ऐंशी खोल्या एकीखाली एक. संगणक मात्र फाइल ओळींनी उचलत नाही, पानांनी उचलतो. त्याचं पान ४०९६ बाइटचं. म्हणजे एका पानावर सोळा खोल्या, आणि अख्खी इमारत बरोबर पाच पानांत. ३३ ते ४८ या खोल्या तिसऱ्या पानावर. ३७ आणि ४४ एकाच पानावर आल्या.

मामा : बरं, पुढे?

भाची : त्या मुलीच्या संगणकाने सकाळपासून फाइल उघडून ठेवली होती. तिसरं पान त्याच्या मेमरीत होतं, ३७ पुढे नवऱ्याचं नाव असलेलं. संध्याकाळी पोराने दुसरीकडे बायकोचं नाव लावलं, ते डब्यावर नीट पोचलं. तुम्ही बघितलंत ते तेव्हा. त्यानंतर मिनिटाच्या आत हिने ४४ चा नंबर बदलला. हिचा संगणक आपल्याकडचं पान ताजंच समजत होता. फाइलीवर कुलूप घेतलेलं नसेल आणि पान ताजं आहे असं वाटत असेल, तर लिनक्सचा एनएफएस क्लायंट, म्हणजे नेटवर्कवरून डब्यावरची फाइल मागणारा तिच्या संगणकातला भाग, बदललेले दहा आकडेच पाठवेल असं नाही. तो सबंध पान पाठवू शकतो. तेच झालं. ४४ चा नवा फोन गेला, आणि त्याच पानावर बसून ३७ चं जुनं नावही परत गेलं.

मामा : म्हणजे दोघांनी आपापलं काम चोख केलं, आणि एका बाईचा हक्क पुसला गेला. आमच्या कचेरीत असं झालं असतं तर चौकशी लागली असती. माझं सरळ म्हणणं ऐक. ही प्रत हवीच कशाला? मूळ वही एक, ती टेबलावर. ज्याला बघायचंय त्याने तिथे येऊन बघावं. संगणकांनीही दर वेळी डब्यालाच विचारावं. उशीर झाला तर होऊ दे.

भाची : उशीर किती, ते आधी बघा. मेमरीतून एक आकडा उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. तोच याच खोलीतल्या डब्याकडून मागवायचा तर अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास जातो. पाच हजार पटींचा फरक आहे. एक यादी शोधायला, लावायला, छापायला अशी हजारो वाचनं होतात. तीन संगणकांवर कदाचित निभेल. तीस किंवा तीनशे संगणक तुमच्या डब्यासारख्या एकाच सर्व्हरला दर अक्षराला विचारू लागले तर सर्व्हरच आडवा होतो. प्रत ठेवण्यावर सबंध पद्धत उभी आहे.

मामा : प्रत ठेवा, पण मूळ बदललं की प्रतवाल्याला कळवा. एवढं साधं कुणाला सुचलं नाही?

भाची : सुचलं होतं, करायचं नाही असं ठरवलं. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकात एनएफएस बनवलं तेव्हा सर्व्हरने काही लक्षात ठेवायचंच नाही असं ठरलं. फाइल कोणी उघडलीय, कोणाकडे प्रत आहे, याची त्याच्याकडे नोंदच नाही. त्याचा फायदा मोठा होता. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी काम जिथल्या तिथून पुढे चाले. पण ज्याला आठवण नाही तो कळवणार कोणाला? म्हणून क्लायंटनेच अधूनमधून विचारायचं, फाइल बदलली का? लिनक्सवर ही मुदत साधारणपणे ३ ते ६० सेकंद असते. फाइल बराच काळ जशीच्या तशी दिसली की मुदत वाढत साठपर्यंत जाते.

मामा : म्हणजे दिवसभर जिला कोणी हात लावला नाही, तिच्याबद्दल तो सगळ्यात निर्धास्त.

भाची : हो. आणि एनएफएसचं वचन मर्यादित आहे. मी फाइल बंद केली की माझे बदल सर्व्हरवर पोचलेले असतील. त्यानंतर तुम्ही उघडलीत तर तुम्हाला ते दिसतील. एकामागून एक काम करणाऱ्यांना हे वचन पुरतं. दोघांनी एकाच वेळी उघडून ठेवली तर तिथे वचनच नाही.

मामा : आणि आम्हाला नेमकं तिथेच बसवलं. ते असो. आता मोघम बोलू नकोस. ही प्रत ठेवणं बंद करता येतं की नाही?

भाची : येतं. फोल्डर जोडताना 'नोएसी' हा पर्याय दिला की क्लायंट फाइलीचे गुणधर्म, म्हणजे बदलाची वेळ, आकार वगैरे, लक्षात ठेवत नाही. दर वेळी विचारतो. लिहिलेलंही लगेच पाठवतो. काम खूप मंदावतं. आणि एवढं करून ३७ चं नाव वाचलंच असतं याची खात्री नाही.

मामा : का? दर वेळी विचारतोय ना?

भाची : विचारणं आणि लिहिणं यांच्यामध्ये फट उरते. तिने विचारलं, उत्तर आलं 'बदललेलं नाही'. पुढच्या क्षणी पोराने लिहिलं. त्याच्या पुढच्या क्षणी तिने लिहिलं. फट साठ सेकंदांऐवजी काही मिलिसेकंदांची झाली, बुजली नाही. अशी चूक वर्षातून एकदा होईल, आणि तेव्हा ती कोणालाच सापडणार नाही. फट बुजवतं ते कुलूप. फाइलीचा तेवढा भाग मी कुलूपबंद केला, वाचला, बदलला, लिहिला, मग सोडला. लिनक्सचा क्लायंट कुलूप घेताना आपली प्रत पुन्हा तपासतो, आणि सोडण्याआधी साठलेलं सगळं सर्व्हरवर पोचवतो. वेगही राहतो, नोंदही राहते. एनएफएसची स्वतःची माहितीपुस्तिकासुद्धा सरसकट 'नोएसी' लावण्यापेक्षा जपून कुलूप वापरा असंच सांगते.

मामा : पण तुझं कुलूप पाळायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. आमच्या प्रोग्रामने ते घेतलंच नव्हतं.

भाची : बरोबर बोललात. हे कुलूप सामंजस्याचं असतं. एक प्रोग्राम घेतो, दुसरा न विचारता आत शिरतो, फाइल सिस्टिम त्याला अडवत नाही. आणखी एक सापळा आहे. 'नोलॉक' नावाच्या पर्यायाने फोल्डर जोडलं तर प्रोग्राम कुलूप मागतो, त्याला मिळतंही, पण ते फक्त त्याच संगणकापुरतं. शेजारच्याला त्याचा पत्ता नसतो. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत कुलपाचा कारभार वेगळ्या सेवेकडे होता. ती चालत नसली की वैतागून लोक हा पर्याय लावत. चौथ्या आवृत्तीत कुलूप मूळ पद्धतीतच आलं.

मामा : चौथ्या आवृत्तीत सर्व्हरला आठवण आली म्हण की.

भाची : आली, पण मुदतीची. तिच्यामागे मोठा वाद आहे. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात अँड्रू फाइल सिस्टिम झाली. मद्रासच्या आयआयटीत शिकलेले महादेव सत्यनारायणन तिच्या प्रमुख कर्त्यांपैकी. त्यांनी सर्व्हरकडून शब्द घेतला: मूळ बदललं तर मी तुला कळवीन. बर्कलीला स्प्राइट नावाची यंत्रणा होती. तिचा नियम तुम्हाला आवडेल. एक जण लिहितोय आणि दुसऱ्यानेही तीच फाइल उघडलीय असं दिसलं की सर्व्हर त्या फाइलीपुरती दोघांचीही कॅश, म्हणजे मेमरीतली प्रत, बंद करायचा.

मामा : हा माझा माणूस. सगळ्यांची प्रत बंद नाही, भांडणाच्या फाइलीचीच बंद.

भाची : हे १९८८ चं. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डच्या कॅरी ग्रे आणि डेव्हिड चेरिटन यांनी तिसरी वाट मांडली. प्रत ठेवायचा हक्क द्या, पण ठरावीक मुदतीचा. मुदत संपली की हक्क गेला, मग तो क्लायंट जिवंत असो, झोपलेला असो की वायर तुटून पलीकडे अडकलेला असो. सर्व्हरला कायमची वाट बघावी लागत नाही. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत ही कल्पना आली. लिनक्स सर्व्हरवर मुदत नेहमी ९० सेकंदांची असते.

मामा : मुदतीचा भाडेपट्टा. हे आम्हाला समजतं. पण सचिवांच्या लॅपटॉपचं काय? तो तर विंडोजवाला.

भाची : तो दुसऱ्या दाराने येतो. विंडोजची भाषा एसएमबी. तिथे सर्व्हर क्लायंटला सांगतो, 'सध्या तू एकटाच आहेस, लिहिलेलं तुझ्याकडेच साठव, खुशाल.' याला 'ऑपलॉक' म्हणतात. दुसरा कोणी आला की सर्व्हर पहिल्याला हाक मारतो: साठलेलं आणून दे आणि हक्क सोड. पहिल्याने तसं केलं की सगळं सुरळीत.

मामा : आणि पहिल्याने हाक ऐकलीच नाही तर?

भाची : तिथेच गाडी अडते. लॅपटॉपचं झाकण मिटलं, वायफाय गेलं, वायर सैल झाली. विंडोजचा सर्व्हर नेहमी ३५ सेकंद वाट बघतो आणि पुढे जातो. पहिल्याच्या मेमरीत साठलेलं तिथेच राहतं. फॉक्सप्रोच्या 'डीबीएफ' आणि अॅक्सेसच्या 'एमडीबी' फाइली सामायिक फोल्डरमध्ये ठेवून चालवणाऱ्या कित्येक दुकानांना, दवाखान्यांना, पतपेढ्यांना याचा चटका बसला. म्हणून सांबामध्ये, म्हणजे डब्यावर एसएमबी बोलणाऱ्या प्रोग्राममध्ये, अशा फाइलींची नावं देऊन त्यांच्यापुरते ऑपलॉक नाकारायची सोय आहे. तीनशे पत्रांच्या फाइलींवर ऑपलॉक राहू द्या, वेग मिळतो. नोंदीच्या एका फाइलीवर नको.

मामा : आणि आमच्याकडे तर दोन दारं. लिनक्सवाले एका दाराने, सचिव दुसऱ्या दाराने.

भाची : तोच तुमच्या खोलीतला सगळ्यात मोठा धोका. सांबाने लॅपटॉपला 'तू एकटाच आहेस' असं सांगितलं, आणि एनएफएसच्या दाराने दुसरा आत आला. दोन्ही दारांच्या रखवालदारांची गाठ डब्याच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या मूळ प्रणालीत, घालून दिलेली नसेल तर एकाला दुसऱ्याचा पत्ता लागत नाही. लिहायच्या फाइलीला दार एकच ठेवायचं. दुसऱ्या दाराने हवं तर फक्त वाचायला द्यायची.

मामा : आता माझी खरी तक्रार ऐक. प्रत शिळी असेल, तेही एक वेळ समजून घेईन. पण पडद्यावर 'सेव्ह झालं' असं दिसतं, ते कशाच्या जोरावर? माझ्या कारकिर्दीत कच्ची नोंद आणि पक्की नोंद वेगळी असे. सही झाल्याशिवाय पक्की म्हणायची नाही.

भाची : यात मी पूर्ण तुमच्या बाजूची. लिहिलेलं आधी क्लायंटच्या मेमरीत बसतं. मग सर्व्हरच्या मेमरीत. मग डिस्कवर. एनएफएसची तिसरी आवृत्ती सरळ सांगते की नुसतं लिहिणं कच्चं आहे, पक्कं करायला वेगळा हुकूम द्यावा लागतो. सर्व्हर मधेच बंद पडून पुन्हा उठला तर त्याची खूण बदलते, आणि क्लायंट कच्चा मजकूर पुन्हा पाठवतो. साखळी चांगली आहे. ती तीन ठिकाणी माणसंच तोडतात.

मामा : सांग.

भाची : पहिलं, सर्व्हरवर 'असिंक' लावणं. मग तो डिस्कवर न लिहिताच 'लिहिलं' म्हणतो. वीज गेली की संपलं. दुसरं, फोल्डर 'सॉफ्ट' पद्धतीने जोडणं. सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही तर क्लायंट हात वर करतो आणि अर्धवट लिहिलेलं तसंच राहतं. माहितीपुस्तिकेतच इशारा आहे की यातून डेटा गुपचूप बिघडू शकतो. 'हार्ड' ठेवलं तर प्रोग्राम अडकून बसेल, पण खोटं बोलणार नाही. तिसरं, प्रोग्रामने फाइल बंद करतानाची चूक न वाचणं. डिस्क भरलीय ही बातमी कधीकधी लिहिताना मिळत नाही, पक्कं करताना किंवा बंद करताना मिळते. तेव्हा प्रोग्राम ऐकत नसेल तर माणसाला 'सेव्ह झालं' दिसतं आणि डब्यावर काही नसतं.

मामा : अडकून बसलं तर लोक मला शिव्या देतील.

भाची : देऊ द्यात. रांगेत दहा मिनिटं गेली तर ती भरून निघतात. गेलेली नोंद सहा महिन्यांनी कळते, तेव्हा तिचा पुरावा जमवायला त्या कुटुंबाला किती कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात हे तुम्ही माझ्याहून जास्त बघितलंय.

मामा : डबा देणारा म्हणाला होता, यात दोन डिस्क आहेत, एक गेली तरी दुसरी आहे. रोज रात्री बॅकअपही होतो.

भाची : आजार एकाला आणि औषध दुसऱ्याला. दोन डिस्क, बेरजेचे तपासआकडे, बॅकअप, हे सगळं डिस्क बिघडली तर कामाचं. इथे डिस्क बिघडलेली नाही. चुकीचं पान अगदी बरोबर लिहिलं गेलं. दोन्ही डिस्कवर तेच पान आहे, तपासआकडा जुळतो, रात्रीच्या बॅकअपमध्येही तेच गेलं. कालच्या बॅकअपवर आज लिहिलं असेल तर पुरावाही गेला. निदान तारीखवार जुन्या प्रती तरी राखायला हव्यात.

मामा : मग मी एक सुचवतो. खोडायचंच नाही. फेरफाराच्या वहीत आम्ही मागची नोंद कधी खोडत नव्हतो. नवा क्रमांक, नवी नोंद, शेवटी जोडायची. फाइलीतही फक्त शेवटीच लिहा.

भाची : विचार चांगला आहे, पण एनएफएसवर तिथेही फसाल. फाइलीच्या शेवटी जोडायचं तर शेवट कुठे आहे ते क्लायंट स्वतः ठरवतो. दोघांनी एकाच वेळी तोच शेवट बघितला तर दोघं एकाच जागी लिहितात. लिनक्सच्या पुस्तिकेत याबद्दलही स्पष्ट इशारा आहे.

मामा : तू माझा प्रत्येक मार्ग बंद करतेस.

भाची : नाही, तुमचाच मार्ग थोडा बदलून देते. एक नोंद, एक फाइल. प्रत्येक फेरफाराची वेगळी छोटी फाइल, तिच्या नावात संगणकाचं नाव, वेळ आणि क्रमांक, म्हणजे दोन नावं कधी जुळणार नाहीत. आधी कच्च्या नावाने लिहायची, डिस्कवर पक्की करायची, मग नाव बदलून पक्क्या फोल्डरमध्ये आणायची. नाव बदलणं सर्व्हरवर एका झटक्यात होतं. अर्धं बदललेलं नाव असा प्रकार नसतो. डॅनियल बर्नस्टाइनने ई-मेलसाठी 'मेलडिर' नावाची रचना अशीच केली. एक पत्र, एक फाइल, कुलूप कुठेच नाही. नेटवर्कवरही टिकावी म्हणूनच ती तशी केली.

मामा : आणि ऐंशी खोल्यांची आजची स्थिती कुठून बघायची?

भाची : त्या नोंदी क्रमाने वाचून एकच संगणक यादी तयार करील. लिहिणारा हात एक. बाकीच्यांनी यादीची प्रत खुशाल मेमरीत ठेवावी.

मामा : किंवा सरळ डेटाबेस घे ना. तुमच्याकडे तेच वापरतात.

भाची : घेऊ, पण डेटाबेसची फाइल सामायिक फोल्डरमध्ये टाकून तीन संगणकांवरून उघडायची नाही. एसक्यूलाइटचे कर्ते स्वतः याविरुद्ध बजावतात. नेटवर्कवरच्या कुलपांवर त्यांचा भरवसा नाही. डेटाबेस एका यंत्रावर, त्याच यंत्राच्या डिस्कवर. बाकीचे त्याला निरोप पाठवतात: अमुक ओळ अशी बदल. फाइलीची पानं इकडून तिकडे जातच नाहीत. प्रत्येक ओळीला आवृत्तीचा क्रमांक ठेवायचा. मी वाचली तेव्हा ३७ ची आवृत्ती ७ होती. लिहिताना अजून ७ असेल तरच लिही, ८ झाली असेल तर मला परत विचार.

मामा : हे का हवं? डेटाबेस एकच आहे ना?

भाची : कारण शेवटची कॅश पडद्यावर असते. एखाद्याने दहा मिनिटं ओळ उघडून ठेवली, चहा पिऊन आला आणि सेव्ह केलं, तर तोही जुन्या माहितीवरच लिहितोय. तिथे कुठलीच फाइल सिस्टिम कामाला येत नाही.

मामा : आता सातबाराचं ऐक. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा वर्षानुवर्षं शेजारी शेजारी चालले. दोन्ही सरकारी, दोन्हीत तफावत. ती काढायला 'एडिट' आणि 'रीएडिट' अशा खास सोयी कराव्या लागल्या. २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झालं: नोंदी लोकांसमोर वाचायच्या, चूक असेल त्याने बोलायचं. १ मे २०१८ ला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला. यंत्र बदललं, सर्व्हर बदलला, पण शेवटी खरं काय ते खातेदारानेच सांगितलं. म्हणून म्हणतो, दोन मुळं ठेवूच नका.

भाची : त्याच खात्याची दुसरी पद्धत मला जास्त शिकवून गेली. फेरफार आधी फेरफार वहीत चढतो. हितसंबंध असणाऱ्यांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो, आणि मगच सातबारावर अंमल. प्रती लोकांच्या घरोघर असतातच, त्या कोणी बंद केल्या नाहीत. प्रतीवरून मूळ बदलायला मात्र बंदी आहे. मूळ बदलायचं तर आधी विचारा, मग नोंदवा, मग अंमल. मी आवृत्तीचा क्रमांक म्हणते तो हाच.

मामा : म्हणजे आपण एकच बोलतोय.

भाची : पूर्ण नाही. तुम्ही प्रतीला दोष देता. मी म्हणते, प्रत निर्दोष आहे. ती कोणी, किती काळ, कोणत्या अटीवर ठेवायची हे न ठरवता तिच्यावरून लिहू देणं हा दोष.

मामा : आणि मी म्हणतो, तुमच्या अटी पाळल्या जातायत की नाही हे दप्तर सांभाळणाऱ्याला दिसत नाही. 'सॉफ्ट' की 'हार्ड', 'असिंक' की 'सिंक', माझ्या पडद्यावर कुठे लिहिलेलं असतं? वही फाटली तर मला दिसते. हे दिसत नाही. म्हणून माझी अट: दर तीन महिन्यांनी ऐंशी खोल्यांची यादी मजल्यामजल्यावर वाचायची. नवं काही पण लाव, वाचन थांबायचं नाही.

भाची : मान्य. ते तुमच्या समाधानासाठी नाही, माझ्या गरजेसाठी हवं. चुकीचं पान बरोबर लिहिलं गेलं हे ओळखणारं यंत्र माझ्याकडे नाही. त्या खोलीत राहणाऱ्या माणसालाच ते कळतं. आणि सगळ्या सेटिंग्जचा एक कागद भिंतीला लावून देते, मराठीत, कोणती किल्ली कुठे आहे ते.

मामा : आणि माझी वही?

भाची : राहू द्या. फक्त तिच्यावर लिहा: ही प्रत आहे, मूळ नव्हे.

दोघांचं एकमत झालं असं मी म्हणणार नाही. मामांना वेगापेक्षा विश्वास मोठा वाटतो, आणि दप्तराबद्दल बोलताना त्यांचं बरोबर आहे. भाचीला वाटतं की नियम नीट बांधले तर दोन्ही मिळतात, आणि यंत्राबद्दल तिचं बरोबर आहे. मला मात्र एका गोष्टीची चीड येते. शाळेत, पतपेढीत, दवाखान्यात, गृहनिर्माण संस्थेत सामायिक फोल्डर लावून देणारा माणूस डिस्क किती मोठी हवी ते विचारतो, पासवर्ड काय ठेवू ते विचारतो, आणि लोकांचे हक्क ज्यात लिहिले जाणार त्या फाइलीबद्दल एक प्रश्न विचारायचं विसरतो. तो प्रश्न विचारायला अभियंता असायची गरज नाही. दप्तर ज्याच्याकडे आहे त्याने काम सुरू व्हायच्या आधी तो विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावं: या फाइलीत एकाच वेळी किती जण लिहिणार, आणि एकाने लिहिलेलं दुसऱ्याच्या हातून पुसलं जाणार नाही याची हमी नेमकी कोण देतं, प्रोग्राम, सर्व्हर की कोणीच नाही? उत्तर 'कोणीच नाही' असेल, तर ती फाइल त्या फोल्डरमध्ये ठेवू नये.